माळ्यावरचा स्पीकर कुणाला देण्याआधी

गणपतीच्या आधी घर झाडायला काढलं की कोकणातल्या माळ्यावरून एखादा तरी जुना स्पीकर खाली येतोच. आजोबा गिरणीतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा आणलेला रेडिओग्राम, काका कुवेतहून आला त्या वेळची जपानी पेटी, नाहीतर भजनी मंडळाचा कर्णा. पेटी बहुधा वाळवीनं खाल्लेली असते. ती पाणी तापवायच्या चुलीखाली जाते आणि आतला स्पीकर भंगारवाल्याच्या काट्यावर, लोखंडाच्या भावानं. गेली वीस वर्षं मी गुहागर-चिपळूण भागात असे स्पीकर उतरवून घेतो, जमले तर दुरुस्त करतो आणि ज्याला त्यांची किंमत कळते त्याच्याकडे पोचवतो. मी पोचायच्या आदल्या दिवशी काट्यावर गेलेल्या दोन-तीन वस्तू आठवल्या की अजूनही जीव हळहळतो.

ज्यांनी आजवर स्पीकर उघडून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्पीकर म्हणजे इथे लाकडी पेटी नव्हे. पेटीच्या आतला, पुढे कागदी कोन आणि मागे जड चुंबक असलेला भाग, ज्याला जाणकार ड्रायव्हर म्हणतात, तो. सामान फार लागत नाही. साधा मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, चित्रकाराचा मऊ ब्रश, टॉर्च, टाचणी, मोजपट्टी आणि वही-पेन. वही विसरू नका, कारण या कामात सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

स्क्रू सोडवायची घाई नको

पेटी दिसली की हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. तो आवरा. रेडिओ किंवा रेडिओग्राम पूर्ण असेल, म्हणजे बटणं, काचेची पट्टी, व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) आणि मागचा पुठ्ठा जागेवर असेल, तर स्पीकर काढूच नका. मर्फीचा, फिलिप्सचा किंवा बुशचा मूळ स्पीकरसकट असलेला सेट आणि तोच सेट स्पीकर काढलेला, यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. सुटा झाल्यावर त्या बिचाऱ्या स्पीकरलाही फारसा भाव उरत नाही.

दुसरं, सेट लावून बघू नका. ‘चालतोय का बघूया’ म्हणून चाळीस वर्षं बंद पडलेल्या व्हॉल्व्ह रेडिओची पिन भिंतीत घालणं धोक्याचं आहे. सुकलेले कपॅसिटर फुटतात. काही सेटांत तर मेन्सची वायर थेट पत्र्याच्या चॅसिसला जोडलेली असते, तिथे हात लागला तर जिवावर बेतू शकतं. ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

काढावाच लागला तर आधी फोटो घ्या. पूर्ण पेटी समोरून, मागून, मग आतल्या वायरी. कुठली वायर कुठे लागते आणि एकूण किती आहेत ते वहीत लिहा. पेटीवर रंगानं काही लिहिलेलं असेल, पावती चिकटवलेली असेल, तर त्याचाही फोटो हवा. हे का, ते पुढे येईल.

आणि घर सामाईक असेल तर भाऊबंदांना विचारा. मुंबईतल्या चुलत भावाला फोन करायला पाच मिनिटं लागतात. न विचारता दिलेल्या रेडिओवरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. देवळाच्या किंवा मंडळाच्या मालकीचा कर्णा असेल तर कमिटीच्या वहीत नोंद झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

मागची बाजू काय सांगते

आपण आज वापरतो तसा कोनाचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली अमेरिकेत मांडला. कोन, कॉइल (कोनाच्या मागे चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं), चुंबक ही मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. बदललं ते चुंबक, आणि स्पीकरचं वय आधी त्यावरूनच कळतं.

सगळ्यात जुने म्हणजे फील्ड कॉइलचे. यांत कायमचं चुंबक नसतंच. मागे तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं असतं आणि रेडिओ चालू असताना त्यातून वीज गेली की ते चुंबक होतं. १९४०च्या दशकापर्यंतच्या सेटांत हे सापडतात. ओळखायचे कसे? वायरी दोनाऐवजी चार किंवा जास्त असतात आणि मागे टाचणी नेली तर ती जेमतेम ओढली जाते किंवा ओढलीच जात नाही. नवखा माणूस म्हणतो, ‘याचं चुंबक मेलं,’ आणि फेकून देतो. तसं करू नका. हे वेटोळं रेडिओच्या वीजपुरवठ्यातली घरघर गाळायचंही काम करतं, त्यामुळे त्या सेटला दुसरा साधा स्पीकर सरळ लावता येत नाही. ज्याच्याकडे तसा रेडिओ आहे, तो माणूस हा स्पीकर वर्षानुवर्षं शोधत असतो.

त्यानंतरचे अल्निकोचे. अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट या धातूंच्या नावांवरून हा शब्द आला. फिलिप्सचं त्यासाठीचं नाव टिकोनल. या स्पीकरच्या मागे लोखंडी चौकटीत बसवलेला गट्टू दिसतो, किंवा बंद डब्यासारखं, घंटेसारखं झाकण असतं. डबा बंद असेल तर चुंबकाचं बळ बाहेर फारसं गळत नाही, म्हणून बाजूनं नेलेली टाचणी अगदी हलकीच ओढली जाते.

तिसरे फेराइटचे. मागे काळी, जाड, चपटी चकती, जात्याच्या तळीसारखी. टाचणी बाजूनं नेली की ‘टक्’ करून चिकटते. फेराइट आधीपासून होतंच, पण १९७८ साली झाईरच्या शाबा प्रांतात लढाई पेटली, तिथल्या खाणींतून येणाऱ्या कोबाल्टचे भाव भडकले आणि जगभरच्या कंपन्या झपाट्यानं फेराइटकडे वळल्या. म्हणून मोठ्या नावाच्या कंपनीचा अल्निको दिसला तर तो बहुतेक त्याच्या आधीचा असतो.

चुंबकाचं वजन बघून किंमत ठरवू नका. ही चूक सगळेच करतात. जड फेराइटपेक्षा मुठीएवढा अल्निको कितीतरी मोलाचा असू शकतो.

आणि चुंबकाचे मागचे स्क्रू कधीही सोडवू नका. सुरुवातीच्या काळात एका अल्निकोच्या फटीतला, म्हणजे कॉइल जिथे हलते त्या बारीक जागेतला, गंज काढावा म्हणून मी ते सोडवले. साफ केलं, पुन्हा नीट बसवलं. कोन शाबूत, कॉइल शाबूत, पण आवाज निम्म्यावर आला. अल्निको आपल्या लोखंडी चौकटीतून बाहेर निघाला की त्याचं बळ उतरतं आणि ते परत भरायला वेगळं मशीन लागतं. तो स्पीकर एका शिक्षकांनी विश्वासानं दिला होता.

छापलेले आकडे वाचायचे कसे

आता टॉर्च घ्या. फ्रेमच्या कडेला, चुंबकाच्या झाकणावर, कोनाच्या पाठीवर काहीतरी छापलेलं किंवा ठोकलेलं असतं. खाऱ्या हवेनं शाई पुसट होते, म्हणून टॉर्च समोरून न धरता कडेनं, आडवा धरा. अक्षरं उठून दिसतात. ब्रशनं धूळ झाडा, पण ओला कपडा लावू नका. शाई एकदा पुसली की ओळखही गेली.

अमेरिकन स्पीकरवर बऱ्याचदा सहा-सात अंकांचा आकडा असतो. पहिले तीन अंक कंपनीचे, शेवटचे दोन वर्षातल्या आठवड्याचे आणि मधला एक किंवा दोन अंक वर्षाचे. २२० म्हणजे जेन्सन, ३९१ म्हणजे आल्टेक लान्सिंग, २८५ म्हणजे रोला, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड.

एक उदाहरण जवळून दाखवतो. एका शाळेच्या अडगळीत १६ मिलिमीटरच्या फिल्म प्रोजेक्टरबरोबरची लाकडी पेटी होती. आत बारा इंची स्पीकर. फ्रेमच्या कडेला आकडा होता २२०५३६. म्हणजे जेन्सन, वर्षाचा अंक ५, आठवडा छत्तिसावा. सप्टेंबरच्या सुरुवातीचा माल. पण कुठल्या सालचा? १९४५, १९५५ की १९६५? वर्षाचा अंक एकच असला की दशक कळत नाही. मॉडेलच्या नावाची सुरुवात ‘पी’नं होती. जेन्सनमध्ये पी म्हणजे अल्निको, सी म्हणजे फेराइट, एफ म्हणजे फील्ड कॉइल, आणि पुढचा आकडा इंचांचा. अल्निको आहे एवढं कळलं, तरी दशक सुटेना. शेवटी पेटीच्या तळाशी पांढऱ्या रंगात शाळेचा जडवस्तू क्रमांक आणि १९५७ हे साल सापडलं. दोन वर्षं आधीचा माल ५७ साली घेतला, हिशोब बरोबर जुळला. पेटी आधीच जाळली असती तर हे कधीच नक्की झालं नसतं. पेटीचे फोटो घ्या म्हटलं ते यासाठी.

ब्रिटिश मालाला ही पद्धत लागू नाही. सेलेस्टियनवर दिवस आकड्यात आणि महिना-वर्ष अक्षरांत असतं. तीच अक्षरं पुढच्या काळात पुन्हा आली आहेत, म्हणून लेबलावरचा पत्ताही बघावा. टेम्स डिटन असेल तर जुना, इप्सविच असेल तर त्यानंतरचा. टॅनॉयचे ड्युअल कॉन्सेन्ट्रिक, म्हणजे मोठ्या कोनाच्या मध्यावरच बारीक आवाजाचा वेगळा स्पीकर बसवलेले, १९४७पासूनचे. त्यांत ब्लॅक, सिल्व्हर, रेड, गोल्ड असा क्रम आहे आणि जितका आधीचा तितका दुर्मीळ. असा कोकणात सापडला तर एकट्यानं काही ठरवू नका, दोन जाणकारांना फोटो दाखवा.

फिलिप्स आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतो. त्याच्या नव्या पद्धतीच्या क्रमांकात ‘एडी’ नंतर मापाचे-मॉडेलचे आकडे आणि तिरक्या रेघेनंतर एक अक्षर व एक अंक. डब्ल्यू ८ म्हणजे आठ ओहमचा वूफर (जाड आवाजाचा), टी ८ म्हणजे आठ ओहमचा ट्विटर (बारीक आवाजाचा). ‘एम’ असेल तर पूर्ण पट्ट्याचा, मोठ्या कोनात छोटा कोन बसवलेला. हे दोन कोनांचे जुने फिलिप्स मला मनापासून आवडतात. माणसाचा आवाज, विशेषतः भजनातला, त्यांच्यातून फार जवळचा येतो.

लेबल नुसतं चिकटवलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. परदेशी नावाचे स्टिकर कुठेही छापून मिळतात. ठोकलेला आकडा, फ्रेमचा घाट आणि कोनाचा कागद, तिघांचं म्हणणं एक निघालं पाहिजे.

मल्टिमीटर आणि कान

मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि स्पीकरच्या दोन टोकांना लावा. मीटरवरचा आकडा स्पीकरवर लिहिलेल्यापेक्षा कमीच येतो, घाबरू नका. चार ओहमचा साधारण ३ ते साडेतीन दाखवतो, आठचा साडेपाच ते सात, पंधरा-सोळाचा दहा ते तेरा. फिलिप्सनं ट्रान्सफॉर्मरविना चालणाऱ्या रेडिओंसाठी ८०० ओहमचे स्पीकर बनवले होते. तिथे काहीशे ओहम आले तर कॉइल खराब नाही, तो तसाच आहे. कर्ण्याच्या युनिटला किंवा देवळातल्या उभ्या कॉलम स्पीकरला लाइन ट्रान्सफॉर्मर (लांबच्या वायरीसाठी मध्ये जोडलेला) असेल तर तो सोडवून मोजा, नाहीतर तुम्ही ट्रान्सफॉर्मरच मोजत बसाल.

मीटर काहीच दाखवत नसेल तर लगेच ‘कॉइल जळाली’ म्हणू नका. टर्मिनलपासून कोनापर्यंत वेणीसारखी मऊ तार जाते. आपल्या हवेत ती हिरवी पडून आतल्या आत तुटते. कोनावर जिथे ती टाकलेली असते तिथल्या डाखाच्या टिपक्यावर मीटर लावून बघा. आकडा आला तर कॉइल जिवंत आहे, तेवढी तार बदलली की झालं.

मग सेल. टोकांना क्षणभरच टेकवायचा. ‘टप्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा. सेलचं अधिक टोक लाल टर्मिनलला लावल्यावर कोन बाहेर येतो, मात्र जुन्या जेबीएलमध्ये तो उलट आत जातो, तो दोष नव्हे. ट्विटर आणि कर्ण्याचं युनिट यांना सेल लावू नका, त्यांचा डायफ्राम नाजूक असतो.

शेवटी कान. स्पीकर उताणा ठेवा, दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर टेकवा आणि अगदी हलकं, दोन मिलिमीटर, सरळ खाली दाबा. मधल्या टोपीवर बोट नको, ती चेपते. कान जवळ न्या. काही ऐकू आलं नाही तर उत्तम. ‘खर्र’ ऐकू आलं तर कॉइल घासते आहे. फटीत गंज असेल, चिऱ्याची लाल धूळ असेल किंवा फ्रेम वाकली असेल. घासणारा स्पीकर अँपला (अँप्लिफायरला) लावून मोठ्यानं वाजवू नका, उरलेली कॉइलही जाईल.

समुद्राची हवा, पाऊस आणि पूर

पुण्या-नागपूरच्या माळ्यावरचा स्पीकर आणि आपल्याकडचा, यांत फरक आहे. इथे चार महिने कागद पाणी पितो. कोनावर पांढुरके ठिपके ही बुरशी. अंगणात नेऊन, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशनं झाडा. वाळवायचा तो सावलीत, पंख्याखाली, दोन-तीन दिवस. कडक उन्हात कागद आखडतो आणि कडेनं चिरतो. तपासणीचं काम दिवाळीनंतर काढलं तर फारच बरं. आषाढात घेतलेला अंदाज मार्गशीर्षात बदलतो.

कोनाची कडा बघा. पन्नास-साठ सालच्या स्पीकरची कडा कागदाच्याच चुण्यांची किंवा कापडाची असते आणि ती टिकते. सत्तरनंतर फोमची कडा आली, ती आपोआप कुजते. आखाती देशांतून आलेल्या जपानी पेट्यांतला फोम तर बोट लावलं की काळ्या चिकट भुग्यासारखा गळतो. दिसायला भयंकर, पण कोन आणि कॉइल ठीक असेल तर नवी फोमची कडा बसवता येते. त्यासाठी तो टाकू नका. कर्ण्याच्या आत कुंभारमाशीचं मातीचं घर असतंच. युनिट फिरवून वेगळं करा, मग काडीनं माती काढा, म्हणजे ती आत पडणार नाही.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात बुडालेले स्पीकर अजूनही विक्रीला येतात. वरून धुऊन-पुसून चकचकीत केलेले असतात. फ्रेमच्या खाचेत टाचणी फिरवा, बारीक चिखलाची पूड निघते. कोनावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसते, ती पाण्याची पातळी. फटीत गाळ शिरलेला असतो, आज घासत नसला तरी उद्या घासेल. असा स्पीकर तुमच्याकडे असेल तर देताना स्पष्ट सांगा.

किंमत ठरवताना

एकच स्पीकर चार माणसांना चार किमतींचा असतो. व्हॉल्व्ह रेडिओ जमवणाऱ्याला फील्ड कॉइलचा हवा. गिटारवाल्याला दहा-बारा इंची जेन्सन किंवा सेलेस्टियन, तेही आठ-सोळा ओहमचे. घरी संगीत ऐकणाऱ्या शौकिनाला टॅनॉय, गुडमन्स, जुने दोन कोनांचे फिलिप्स. मंडपवाल्याला यातलं काहीच नको, त्याला आजचा हलका आणि मोठ्या वॉटचा माल परवडतो. म्हणून मंडपवाल्यानं ‘काही कामाचा नाही’ म्हटलं तर ते त्याच्या धंद्यापुरतं खरं समजा, आणि योग्य माणूस शोधा.

नेटवर मागितलेले भाव बघून हुरळू नका. मागायला कुणी काहीही मागतो. तोच मॉडेल, त्याच ओहमचा, खरोखर किती रुपयांना विकला गेला ते बघा, तीन-चार व्यवहार तरी. मग त्यातून वजा करा. मूळ कोन हा सगळ्यात मोठा मुद्दा. साधा कोन टाकून रिकोन केलेला स्पीकर म्हणजे जवळपास फ्रेम आणि चुंबकाचीच किंमत. म्हणून दुर्मीळ स्पीकरचा कोन जरासा फाटला असेल तर विकण्याआधी कुणाकडे ‘नवा करून’ आणू नका. फाटलेला मूळ कोन पातळ कागद आणि डिंकानं सांधता येतो, काढून फेकलेला परत मिळत नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी निम्मे लोक आधी नवा कोन टाकूनच आणतात.

जोडी असेल तर तोडू नका. एकाच आठवड्याच्या आकड्याची जोडी एकाच्या दुपटीहून जास्त मोलाची असते. समजा एकाला तीन हजार मिळत असतील, तर जुळणाऱ्या जोडीला आठ मागायला हरकत नाही. दोघा भावांत एकेक वाटून घेतलेल्या जोड्या मी पाहिल्या आहेत. त्यापेक्षा एकानं ठेवावी आणि दुसऱ्याला पैसे द्यावेत.

आपल्याकडचे साधे, नाव नसलेले पाच-सहा इंची रेडिओचे स्पीकर फार किमतीचे नसतात. त्यांची आशा लावून बसू नका, पण चालू असतील तर गावातल्या रेडिओ मेकॅनिकला देऊन टाका. त्याच्या कपाटात ते दहा वर्षांनी कुणाच्या तरी कामाला येतात.

हातातून सोडताना

फोटो सहा हवेत: समोरून, मागून, कडेनं, छापलेला आकडा जवळून, कोनाची कडा जवळून आणि मल्टिमीटरचा आकडा दिसेल असा एक. बाहेरचं माप फ्रेमच्या कडेपासून कडेपर्यंत, इंचांत. दोष आधी लिहा, गुण नंतर. या शौकातली माणसं थोडी आहेत आणि एकमेकांना ओळखतात, एकदा लपवलेलं बारा गावं कळतं.

पाठवायचा असेल तर कोनाच्या बाजूला स्पीकरच्याच भोकांतून स्क्रूनं प्लायवूडचा तुकडा आवळा, म्हणजे कुणाचं बोट कागदात घुसणार नाही. चुंबकाखाली घट्ट थर द्या, मग एका खोक्यात दुसरं खोकं. चुंबक जड, फ्रेम पातळ, खोकं एकदा आपटलं की फ्रेम वाकते आणि कॉइल घासायला लागते. माझा एक बारा इंची असाच गेला, नुसत्या थर्मोकोलच्या भरवशावर. विमानानं जाणाऱ्या पार्सलला चुंबकासाठी नियम आहेत, म्हणून एसटीचं पार्सल किंवा रेल्वे बरी. मुंबईला गाडीनं कुणी जाणार असेल तर त्याच्या मांडीवर देणं सगळ्यात उत्तम. पावसाळ्यात मात्र थांबा.

खोकं बंद करण्याआधी वहीतलं पान उतरवून आत ठेवा: कुठल्या सेटमधून निघाला, तो सेट कुणी कुठून कधी आणला, आकडा काय, ओहम किती आले, कुठे सांधलाय. शाळेच्या त्या जेन्सनबरोबर मी पेटीच्या तळाचा फोटोही ठेवला होता. घेणाऱ्यानं दोन दिवसांनी फोन केला, तो स्पीकरबद्दल नंतर बोलला. आधी त्यानं विचारलं, ती पेटी अजून आहे का.